कंगवा जेली की फणी जेली?

दर्यावेडा: समुद्रावरच्या एका डॉक्युमेंटरीची सबटायटल्स करतोय. कोम जेली (इंग्रजीत comb म्हणजे कंगवा) या समुद्री प्राण्याला मी 'कंगवा जेली' लिहिलं, तपासणाऱ्याने खोडून 'फणी जेली' केलं. अंगावर आठ उभ्या रांगा असतात, रांगेत बारीक केस चिकटून झालेल्या पट्ट्या, त्या वल्ह्यासारख्या हलवत हा प्राणी पोहतो. शब्द कुठला बरा? शिवाय प्रजाती कोणती तेही हवंय. लांबट पिशवीसारखी आहे, तोंड मोठ्ठं, तंतू दिसत नाहीत.

आडनिडा: फणीच. कंगव्याला एकीकडेच दात, फणीला दोन्हीकडे. माझी आजी कंगव्याला फणी म्हटलं की चिडायची.

दर्यावेडा: अहो पण या पट्टीलाही एकीकडेच दात आहेत!

शब्दखोर: संस्कृतात फणी म्हणजे साप, फणा असलेला. वाचणाऱ्याला वाटेल विषारी आहे. आणि ही जेली तर डंख मारत नाही, चिकट पेशींनी भक्ष्य पकडते. 'कंकतधर' म्हणा, टेनोफोरा या तिच्या गटाच्या शास्त्रीय नावाचा ग्रीक अर्थ तोच आहे, कंगवा धारण करणारा.

आडनिडा: कंकत कोण म्हणतं हो घरात? सबटायटल दोन सेकंद दिसतं, तेवढ्यात शब्दकोश काढायचा का?

खारवट: डंख मारत नाही म्हणताना जरा जपून, हेकेलिया ही कोम जेली जेलीफिश खाते आणि तिच्या दंशपेशी स्वतःच वापरते. बाकी तुमची बहुतेक बेरोई असावी, तिला तंतू नसतातच आणि ती दुसऱ्या कोम जेली गिळते. काळ्या समुद्रात १९८० च्या दशकात जहाजं समतोलासाठी भरतात त्या पाण्यातून निमिओप्सिस ही दुसरी कोम जेली शिरली आणि माशांच्या मुळावर उठली, मग १९९७ मध्ये बेरोई पोचली आणि तिने निमिओप्सिस खाल्ली. पण नुसतं तंतू दिसत नाहीत म्हणून ठरवू नका, प्ल्युरोब्रॅकिया ही कोम जेली गोल असते आणि तंतू आत ओढून घेते.

शब्दखोर: बेरोई ही प्रजाती (genus) झाली, दर्यावेडा यांना जाती (species) हवीय. शाळेत प्रजाती, मग जाती असंच शिकलो ना आपण? पेपरवाल्यांनी सगळा घोळ केलाय.

आडनिडा: सगळे प्रजातीच म्हणतात, मग तोच अर्थ झाला. भाषा बोलणाऱ्यांची असते.

शब्दखोर: म्हणजे चूक हजारांनी केली की बरोबर?

आडनिडा: हो, तसंच असतं.

दर्यावेडा: मंडळी, कंगवा की फणी? आणि रांगांवर इंद्रधनुष्य दिसतं त्याला 'स्वयंप्रकाशी' लिहिलंय, ते चालेल?

खारवट: नाही, ते रंग बाहेरचा उजेड पट्ट्यांवर पडून दिसतात. तिचा स्वतःचा उजेड निळसर-हिरवा, अंधारात दिसणारा. 'झळाळ' लिहा.

शब्दखोर: झळाळ की झळाळी?