‘परिघीय दृष्टी’ला सोपा शब्द?

फोंडा : नववीच्या मुलांसाठी डोळ्यावर टिपण लिहितोय. समोर टक लावलेली असताना बाजूचं जे दिसतं, त्याला ‘परिघीय दृष्टी’ लिहिलं. पोरं विचारतात, सर, हा वर्तुळाचाच परीघ का? दुसरा शब्द सुचवा.

म्हापसा : ‘ओझरती नजर’?

फोंडा : नको. ओझरतं म्हणजे क्षणभर दिसलेलं. मला वेळ नाही, जागा सांगायचीय. कडेचं दृश्य तासभरही कडेलाच राहतं.

पणजी : संस्कृतात ‘अपांग’ आहे, डोळ्याचा बाहेरचा कोपरा, पण तो शृंगारातच अडकला. ‘कटाक्ष’ मुळात तिरपी नजरच, आणि आज ‘कटाक्षाने पाळा’ म्हणजे काटेकोर पाळा! ‘कडेची नजर’ लिहा, सर. मी बरीच वर्षं मुद्रितं तपासली. कडेच्या नजरेवर विसंबलो की जोडाक्षरातली चूक सुटायचीच. ओळीखाली पट्टी धरायचो.

फोंडा : टिपणात हेच आहे. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढं, साधारण २ अंश, तेवढंच लख्ख दिसतं. त्याबाहेर सुटं अक्षर ओळखता येतं, पण शेजारी आणखी अक्षरं आली की गिचमिड. हर्मन बौमा यांनी १९७० मध्ये मोजलं : अक्षर नजरेच्या बिंदूपासून जेवढं दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात शेजारी नकोत.

म्हापसा : अगदी! पणजीच्या स्टँडवर कडेनं बसची पाटी दिसते, ‘म’ असल्याचं कळतं. म्हापसा की मडगाव, ते नजर तिकडे फिरवल्यावरच.

पणजी : ‘फिरवल्यावर’ कसं? वाचताना डोळा फिरत नाही, उड्या मारतो.

फोंडा : सेकंदाला तीन-चार. फ्रेंच शब्द ‘साकाद’, म्हणजे लगामाला दिलेला हिसका. गंमत म्हणजे लक्ष डोळ्याआधी पोचतं. जिथं उडी पडणार तिथलं अक्षर उडीच्या आधीच जास्त नीट ओळखू येतं. वळणही सवयीचं : इंग्रजी वाचणाऱ्याला उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरं उपयोगी पडतात, डावीकडची तीन-चारच. हिब्रूवाल्यांचं उलट.

पणजी : मग ‘नजर टाकणे’ बरं. टाकली की एका जागी पडते, पुन्हा उचलावी लागते.

म्हापसा : घरी कोकणीत आम्ही ‘नदर’ म्हणतो, तीही ‘पडते’च.

फोंडा : ‘कडेची नजर’ ठरलं. ‘साकाद’ला ‘नेत्रझेप’ फार नटवं वाटतं, ‘डोळ्याची उडी’ लिहू का? पेडण्याकडचं कुणी असेल तर बोलीतला शब्द सांगा.