इंग्रजी साहित्याच्या उत्तरात कथानकापलीकडे कसे जावे?

प्रश्न: उच्च माध्यमिक परीक्षेसाठी आम्हाला शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ नेमले आहे. नाटक नीट वाचून झाले आहे, परंतु उत्तर लिहायला बसलो की कथानकच सांगितले जाते आणि समासात ‘विश्लेषण कुठे आहे?’ असा शेरा येतो. अवतरणे अधिक पाठ करावीत का?

उत्तर १: अवतरणे मोजकीच, पण अनेक प्रश्नांना लागू पडतील अशी निवडावीत. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात लेडी मॅकबेथ झोपेत चालताना हातावरचा डाग पुसू पाहते, एवढे सांगणे म्हणजे कथानक. मात्र दुसऱ्या अंकात थोड्याशा पाण्याने राजाच्या खुनाचे हे कृत्य धुऊन निघेल असे ठामपणे म्हणणारी हीच स्त्री, जी एरवी बहुतांशी पद्यात बोलते, ती येथे तुटक गद्यात का बोलते, याचा विचार मांडला की विश्लेषण आपोआप सुरू होते.

उत्तर २: वरील मुद्दा पटतो. फक्त ‘येथे गद्य आहे’ एवढी नोंद करून थांबू नये. तिच्या मनावरचा ताबा सुटल्याचे त्यातून कसे जाणवते, हेही लिहावे. बाजारातल्या गाइडमधील तयार उत्तरे तपासनिसाच्या चटकन लक्षात येतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर ३: घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा आणि लेखनापूर्वी काही मिनिटे आराखड्यासाठी राखून ठेवा. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य घटना सांगणारे नसून दावा करणारे आहे ना, तेवढे तपासा.