'सुप्त' विषाणू की दडलेला?

प्रश्न : नागिणीवर लेख लिहितोय. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू कण्यालगतच्या चेतापेशींत राहतो आणि पुढे उतारवयात नागीण होऊन वर येतो. या राहण्याला मी 'सुप्त संसर्ग' म्हटलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, 'विषाणू झोपतो का?' आता काय करू?

– 'सुप्त गुण' म्हणताना गुण कुठे झोपलेले असतात? तो आक्षेप सोडा. खरी पंचाईत अशी की लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या दिवसांनाही बरेच जण 'सुप्त काळ' म्हणतात. कांजिण्यांत ते १० ते २१ दिवस, आणि तेव्हा विषाणू भराभर वाढत असतो! त्याला 'अधिशयन काळ' म्हणा, गोंधळ मिटेल.

– मला 'दडी' आवडेल. चेतापेशीत विषाणूचा डीएनए असतो, पण त्यावरून प्रथिनं जवळपास बनतच नाहीत. एरवी पेशी आत बनलेल्या प्रथिनांचे तुकडे अंगावर मांडून ठेवते आणि टी-पेशी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेतल्या पहारेकरी पेशी, ते तपासत फिरतात. तुकडाच नाही, तर संशय कुणावर घेणार? 'दबा धरून' मात्र नको, त्यात झडप घालायचा बेत येतो.

– पण पावसाने दडी मारली म्हणजे पाऊस गावात नसतो. हा तर घरातच आहे.

– चोर माळ्यावर दडी मारतो तेव्हा तोही घरातच असतो की!

– हेपटायटिस बी ला मात्र 'दडी' लावू नका. जुनाट आजारात यकृताच्या पेशीच्या केंद्रकात त्याच्या डीएनएचं कडं बसलेलं असतं, त्यावरून नव्या प्रती निघत राहतात, रक्तात सापडतात. हा लपलेला नाही, ठाण मांडून बसलाय. एचआयव्हीची तऱ्हा आणखी वेगळी. तो काही टी-पेशींच्या डीएनएतच स्वतःला ओवून घेतो, म्हणजे पहारेकऱ्याच्याच घरात दडी. औषधं बंद केली की बहुतेकांत काही आठवड्यांत पुन्हा बाहेर.

– जाता जाता : नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस जातो, हा समज लेखात खोडून काढा. पुरळ सहसा एकाच चेतेच्या पट्ट्यात उठतं आणि अंगाच्या मधल्या रेषेशी थांबतं.

प्रश्नकर्ता : खोडलाय. 'दडी मारलेला विषाणू' मथळ्यात मावत नव्हता, 'दडलेला' केलं. बाईंनी पास केलं.