सीएमईचे पॉइंट मिळाले, पण पेशंटला काय मिळालं?

तालुक्याचा डॉक्टर: महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी पुढे चालू ठेवायची तर 5 वर्षांत सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणासाठीच्या सभांचे, 30 क्रेडिट पॉइंट लागतात. परवाच्या सीएमईत सकाळी सह्या झाल्या, जेवणानंतर अर्धा हॉल रिकामा, सर्टिफिकेट मात्र सगळ्यांना. जाताना फॉर्म भरून घेतला: व्याख्यान कसं वाटलं? सोमवारी माझ्या ओपीडीत साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहिणं थांबलं का, हे कुणी विचारलं नाही. माझं म्हणणं, तीन महिन्यांनी 20 प्रिस्क्रिप्शन तपासा, मगच पॉइंट द्या.

अनुराधा: नाही पटलं. तपासणी होणार हे कळलं की तेवढे दिवस सगळेच जपून लिहितील. आणि सीएमई अगदीच वाया जात नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2021 च्या आढाव्यात 215 अभ्यास आहेत. सभा-कार्यशाळांनंतर योग्य पद्धतीने काम करण्याचं प्रमाण साधारण 7 टक्क्यांनी वाढलेलं दिसतं. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला निदान त्या हॉलमध्ये चार सहकारी तरी भेटतात. तेही बंद करायचं का?

प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर: डॉक्टर, मॅडम, मी नर्स आहे, तरी बोलते. जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कने श्वास द्यायचा, हे आम्ही जिल्ह्याला बाहुलीवर शिकलो. परीक्षेत मला पैकीच्या पैकी. चार महिन्यांनी खरंच तसं बाळ आलं. बॅग दाबतेय, छाती हलत नाही. मास्कच्या कडेने हवा जात होती. मान सरळ केली, हनुवटी धरून मास्क पुन्हा बसवला, तेव्हा छाती वर आली. बाळ वाचलं, पण ते मार्क खोटे होते हे मला त्या रात्री कळलं. आता दर सोमवारी ड्युटी बदलताना आम्ही दोघी बाहुलीवर हात चालवतो. मोजायचं तर हे मोजा.

तालुक्याचा डॉक्टर: मी तेच म्हणतोय! गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि बाळांचे मृत्यू मोजले. तुलनेच्या गावांपेक्षा ते तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी कमी निघाले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

अनुराधा: अहो, पण तिथे दर पंधरा दिवसांनी गावात जाऊन काम पाहणारा डॉक्टर होता. तुमच्या 20 कागदांत तो कुठे आहे? सिस्टर, तुमची बाहुली केंद्रातच असते का? आमच्याकडे एकच आहे, ती कुलपात.