मदत हवी आहे: गावची कुलूपबंद घरं आणि सुरतच्या खोल्या, फोटोंची मालिका कशी करू?

नमस्कार मंडळी,

मी धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातला, तापीकाठच्या गावचा. 'घर' या विषयावर फोटोंची मालिका करायचं दोन वर्षांपासून मनात आहे, पण सुरुवात सापडत नव्हती. मागच्या दिवाळीत सुरतला उधन्यात चुलतभावाकडे गेलो. त्याच्या चाळीत सगळे आपल्याकडचेच. सात-आठ जणांना सहज विचारलं, "तुन्हं घर कठे शे?" (तुझं घर कुठे आहे?) एकानंही राहत्या खोलीकडे बोट दाखवलं नाही. "घर तं गावले शे." यातले काही जण वीस वर्षांपासून तिथं कापडाच्या लूमवर (यंत्रमागावर) आहेत, पोरं तिथंच शिकली.

गावी परत आलो आणि त्यांचीच घरं बघत फिरलो. धाब्याची (म्हणजे सपाट मातीच्या छपराची), मातीच्या भिंतींची, बहुतेक कुलपात. एका दारावरचं कुलूप पावसानं गंजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत गुंडाळून वरून सुतळी बांधलेली. किल्ली शेजारच्या आजीच्या खुंटीला. धाब्यावर दर वर्षी पावसाआधी खारी माती टाकावी लागते, ती आता टाकणार कोण? दोन धाबी मधोमध खचली आहेत.

म्हणून जोड्या करायच्या ठरवल्या: एका बाजूला गावचं दार, दुसऱ्या बाजूला त्याच माणसाची सुरतची खोली. शेवट कानबाईवर, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणावर. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंद गोळा होतात, कुलपं निघतात, देवीच्या नैवेद्याचे रोट होतात आणि सोमवारी कानबाई विसर्जनाला नदीवर जाते. आमच्याकडे ती नदी तापी, आणि तीच पुढे सुरतेतून समुद्राला मिळते. ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते.

आता अडचणी. कॅमेरा कॅनॉन १५००डी, लेन्स १८-५५ आणि ५० एमएम एफ १.८. घरात उजेड येतो तो दारातून आणि धाब्यातल्या झरोक्यातून. झरोका सांभाळला तर भिंती काळ्या पडतात, भिंती सांभाळल्या तर झरोका पांढराफट्ट. फ्लॅश नको आहे, त्यानं शेणानं सारवलेल्या जमिनीचा पोतच जातो. ट्रायपॉड लावून कमी-जास्त उजेडाचे दोन-तीन एक्स्पोजर घेऊन एकाच फोटोत जोडावेत का? सुरतची खोली दहा बाय बारा, तिथं १८ एमएमशिवाय (लेन्सच्या सगळ्यात रुंद टोकाशिवाय) काही मावत नाही. मग गावचं दारही १८ नंच घ्यावं का, म्हणजे जोडी जुळेल?

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. बंद घराचे फोटो गावाच्या नावासकट टाकले, तर घर रिकामं आहे हे आपणच जगाला सांगितल्यासारखं होतं. नाव गाळलं तर मालिकेतून गावच निघून जातं. आणि एक काका दुखावले. म्हणाले, "कुलपाचा काय फोटो काढतो? माणसं असताना ये." त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. लोकांच्या घरात शिरून असं काम केलेल्यांनी परवानगी कशी मागितली, फोटो आधी कुणाला दाखवले, ते सविस्तर सांगाल का?

श्रावणाला दोन महिने आहेत. त्याआधी एक जोडी करून बघणार आहे, चुलतभावाचीच. त्याच्या घराची किल्ली आमच्याकडे असते.