मदत हवी आहे: मेलबर्नमधल्या कामगार-बंगल्याचं वारसामूल्य कसं मांडायचं?

मेलबर्नच्या पश्चिमेकडचा, 1920च्या दशकातला लाकडी फळ्यांचा साधा बंगला आहे. फळ्या, वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या, विटांची चिमणी मूळचीच. छपराचा पत्रा बदललाय, मागे खोली वाढवलीय. हेरिटेज ओव्हरलेसाठी (वारसा-वास्तूंना संरक्षण देणारा स्थानिक नियोजन-नियम) निवेदन द्यायचंय. वारसामूल्य ठरवायच्या निकषांपैकी, माझ्या मते, सौंदर्यापेक्षा निकष ए (इतिहास) आणि डी (प्रातिनिधिकता) इथे भक्कम आहेत. सँड्स अँड मॅकडूगल डिरेक्टरीतून (पत्त्यांनुसार रहिवाशांची जुनी छापील सूची) रहिवाशांची नावं काढतोय. स्टेट सेव्हिंग्ज बँकेच्या (घरासाठी कर्ज आणि तयार आराखडे देणारी तेव्हाची सरकारी बँक) नमुना-आराखड्याशी घराचा नकाशा जुळवण्यासाठी काय काय तपासावं? शिवाय, कुजलेल्या तळच्या फळ्या बदलताना जाडी आणि कडेचा आकार जुळला नाही, तर फळ्यांच्या कडेखाली पडणारी सावलीची रेघ तुटते आणि ठिगळ लांबूनही दिसतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासणं नकोच. तशाच फळ्या कुठे मिळतील?