जर्मनीत मास्टर्स: इंटर्नशिपसाठी आधी भाषा की आधी अर्ज?

सांगाती
ऑक्टोबरच्या विंटर सेमिस्टरला जाणाऱ्या मुलांना सरसकट सांगितलं जातं, "आधी बी-१ (जर्मनची मधली पातळी) कर, मग इंटर्नशिपचं बघ." हा सल्ला मला नुकसानीचा वाटतो. एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या जागांच्या जाहिराती मोठ्या कंपन्या चार ते सहा महिने आधी लावतात, म्हणजे पोरगं विमानातून उतरतं तेव्हाच. बी-१ची वाट पाहिली की तो हंगाम गेला.

पहिल्या सेमिस्टरला तिथले गुण हातात नसतात, म्हणून इथले सीजीपीए बव्हेरियन सूत्राने बदलून सीव्हीत द्या. कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल वजा उत्तीर्णच्या गुणांनी भागा, ३ ने गुणा आणि १ मिळवा. १० पैकी ८.२ असतील आणि ४ ला पास धरत असतील, तर १.९ येतात. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास. नुसतं ८.२ लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही.

सॉफ्टवेअर आणि डेटावाल्यांनी त्याच्या एक पायरी खाली, ए-२ वर थांबावं आणि उरलेला वेळ एका प्रकल्पात घालावा. बर्लिन-म्युनिकच्या बऱ्याच टीम इंग्रजीतच चालतात.

नांगर
सॉफ्टवेअरपुरतं ठीक आहे. पण इथून जाणाऱ्यांत मेकॅनिकल आणि ऑटोमोटिव्हची मुलंही कमी नाहीत, आणि त्यांना हा सल्ला गोत्यात आणेल. टेस्ट बेंचवर, म्हणजे यंत्रांची चाचणी घेतात तिथे, उभं राहायचं तर आधी सुरक्षेची माहिती दिली जाते, ती जर्मनमध्ये. ड्रॉइंगवरचे शेरे जर्मनमध्ये. सेन्सर कुठे लावायचा हे सांगणारा तंत्रज्ञ श्टुटगार्टकडचा असेल, तर तो श्वेबिश बोलीत बोलणार. तिथे ए-२ पहिल्या दिवशीच तोकडं पडतं.

सीव्हीत बी-१ लिहून वेळ मारून नेणारेही असतात. एचआरचा पहिला फोन जर्मनमध्ये येतो: कधीपासून, किती महिने, सक्तीची की ऐच्छिक. इतकं उत्तर देता आलं नाही की विषय तिथेच संपतो.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशेबात शून्यापासून बी-१पर्यंत ३५० ते ६५० तासिका लागतात, ४५ मिनिटांची एक. लॅब, परीक्षा आणि पार्टटाइम काम सांभाळून तिथे हे होत नाही. प्रवेशाचं पत्र आणि व्हिसा यांची वाट बघण्याचे महिने हाताशी असतात. ते पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात (ते गोएथेचंच) किंवा दुसऱ्या चांगल्या क्लासमध्ये घालवा.

ओवी
त्या फोनवरच्या तिसऱ्या प्रश्नाकडे, सक्तीची की ऐच्छिक याकडे, तुम्ही दोघंही नीट बघत नाही आहात. बरेच अर्ज तिथेच गळतात.

फ्लिष्टप्राक्टिकुम म्हणजे अभ्यासक्रमाच्या नियमावलीतच लिहिलेली सक्तीची इंटर्नशिप. तिला किमान वेतन लागू नाही आणि परदेशी विद्यार्थ्याच्या वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्ध्या कामाच्या दिवसांच्या कोट्यात ती धरली जात नाही. ऐच्छिक असेल तर हे दिवस मोजले जातात. शिवाय ती तीन महिन्यांपेक्षा जास्त असेल, तर पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावं लागतं, जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो. म्हणून कंपन्या विद्यापीठाचं 'सक्तीची आहे' असं पत्र मागतात. नसेल तर तीन महिने देऊ म्हणतात, आणि त्यातला पहिला महिना लॅपटॉप आणि परवानग्या मिळण्यातच जातो.

तेव्हा विद्यापीठ निवडतानाच नियमावली उघडा. इंटर्नशिपला क्रेडिट आहेत का आणि किती आठवड्यांची आहे, ते तिथे सापडतं.

सांगाती
मान्य, पण कितीतरी मास्टर्समध्ये सक्तीची इंटर्नशिप नसतेच. त्यांनी वेर्कश्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी, व्हावं, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. पगारातून सहसा पेन्शनचे ९.३ टक्केच कापतात आणि वर्षभर एका टीममध्ये राहिलं की कंपनी माणूस ओळखते. जोडीला सुट्टीत ऐच्छिक इंटर्नशिप घेता येते.

ओवी
ती जोडी एका वर्षात बसवायची तर दिवस मोजावे लागतात. २० तासांचा आठवडा अडीच दिवस धरला तरी ५२ आठवड्यांचे १३० दिवस होतात. उरले दहा. दुसऱ्या बाजूने बघा: सहा महिने पूर्णवेळ ऐच्छिक म्हणजे २६ आठवडे, पूर्ण दिवसांनी मोजले तर पुन्हा जवळपास १३० दिवस. कोटा कॅलेंडर वर्षाचा असल्याने ऑक्टोबर ते मार्च केली तर दिवस दोन वर्षांत वाटले जातात, एप्रिल ते सप्टेंबर केली तर सगळे एकाच वर्षात जातात. विद्यापीठातच हिवीचं, म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं, काम मिळालं तर ते या कोट्यात येत नाही. पहिल्या वर्षी ते धरलं तर दिवस शाबूत राहतात.

इंटर्नशिपसाठी सुट्टीचं सेमिस्टर, म्हणजे अभ्यासातून सेमिस्टरभर रजा, घेणाऱ्यांनी आधी परदेशी नागरिक कार्यालयाला लेखी विचारावं. त्या काळात वेर्कश्टुडेंटची फक्त पेन्शनच कापण्याची सवलतही राहत नाही.

नांगर
हिवीचं पटलं. वेर्कश्टुडेंटचं मात्र मेकॅनिकलवाल्यांनी जपून घ्यावं. भाषा नसलेल्याला एक्सेलचे तक्ते भरायला बसवतात, आणि वर्षभर तेच केलेल्या माणसाच्या प्रशस्तिपत्रात, आर्बाइट्सझॉइग्निसमध्ये, तेच लिहून येतं. जर्मन कंपन्या हा कागद बारकाईने वाचतात. डिझाइन किंवा टेस्टिंगचं काम लेखी ठरत नसेल, तर ती जागा सोडून ते २० तास भाषेला द्यावेत, असंच मी म्हणेन.

सांगाती
आणि मी तरीही म्हणेन, जागा घ्या. घरभाडं भाषेच्या क्लासमधून निघत नाही. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात, म्युनिकमध्ये त्यातले बरेचसे खोलीच खाते.